लाल रसाचं शून्य

या, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर ही गोष्ट अर्धीच पोचेल. काही ठिकाणी मला आवाज खाली आणावा लागणार आहे, आणि काही ठिकाणी तो माझ्या ताब्यात राहणार नाही. शेजाऱ्याला डुलकी लागली तर कोपराने ढोसा, माझी परवानगी आहे. गोष्ट सांगतो म्हटलं आहे तर पुरी सांगेन. एक बाई, तिचा धाकटा भाऊ, आणि रोज सकाळी पाच पेल्यांत ओतला जाणारा एक लाल रस, एवढाच पसारा. देवाचं नाव घेऊन बसलो आहे, म्हणून शिव्या देणार नाही. राग मात्र येईल. तो आला तर येऊ द्या.

ही बाई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आई गेली तेव्हा भाऊ सात वर्षांचा होता. त्याला हिनेच न्हाऊमाखू घालून वाढवला. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू. भावाला ती ‘धाकट्या’ अशी हाक मारायची. तीस वर्षांचा बाप्या झाला तरी धाकट्याच.

कारखाना पोलादी टाक्या बनवायचा. दुमजली घराएवढ्या टाक्या, पत्र्याला पत्रा वितळवून जोडलेला. सांधा वरून गुळगुळीत दिसतो, पण आत भेग असली तर एक दिवस टाकी फुटते. म्हणून डॉक्टर जसा हाडाचा फोटो काढतो तसा प्रत्येक सांध्याचा फोटो काढावा लागतो. त्यासाठी एक जड पेटी असते, तिला ही माणसं कॅमेरा म्हणतात. पेटीच्या पोटात मिरीच्या दाण्याएवढा धातूचा तुकडा. हा दाणा अहोरात्र किरण सोडतो. लांबून हँडल फिरवायचं, की तारेच्या टोकाला अडकवलेला दाणा एका नळीतून सरकत नळीच्या टोकाशी जातो. टोक सांध्याला लावलेलं असतं, पलीकडे फिल्म. तेवढा वेळ सगळ्यांनी जाड भिंतीआड. मग हँडल उलटं फिरवायचं, दाणा पेटीत परत.

परत आला का? हाच सगळ्यात मोठा प्रश्न. कारण दाणा दिसत नाही, किरण दिसत नाहीत. त्याला ना वास, ना चटका. ते सांगायला एक यंत्र असतं, मापक. दाणा बाहेर असला की मापक टकटक टकटक करत जीव खाऊन ओरडतं. पाच माणसांची टोळी हे काम करायची, आणि त्यांच्याकडे एकच मापक होतं. ते बिघडलं. दुरुस्तीला गेलं. एक महिना झाला, दोन झाले.

टोळीचा मुकादम होता मिशीकाका. मिशी एवढी, की चहा आधी तिला पाजावा लागे. तो दर सोमवारी मॅनेजरच्या दारात जाऊन उभा राहायचा.

“साहेब, मापक?”

“येतंय हो काका. तुम्ही काय ते नसताना काम केलंच नाहीत का आयुष्यात?”

आणि मग मापकाच्या जागी काय आलं सांगू? एक व्याख्यान आलं.

एक गृहस्थ आले, स्वतःला आहारगुरू म्हणवून घेणारे. पांढरेशुभ्र कपडे, हातात लाल दिव्याची कांडी. कॅन्टीनच्या भिंतीवर चित्रं दाखवून त्यांनी समजावलं की किरण शरीरात विष सोडतात. बीट ते विष पकडतं, लसूण ते बांधून ठेवतो, समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ गळ्यातल्या ग्रंथीचं दार लावून घेतं आणि मध आतून सगळ्यावर लेप देतो. रोज सकाळी एक पेला. बस्स.

मिशीकाकाने हात वर केला. “आणि मापक कधी?”

आहारगुरू हसले. “काका, मापक नुसतं ओरडतं. रस काम करतो.”

टाळ्या पडल्या. पहिली टाळी मॅनेजरची. ताईनेही टाळ्या वाजवल्या, हे मी लपवणार नाही. तिला वाटलं, इतके दिवस भाऊ त्या भिंतीपलीकडे जायचा तेव्हा आपण नुसता देवाचा धावा करायचो. आता देवाने आपल्या हाताला काम दिलं.

तर ताई सकाळी सहाला बीट किसायला बसायची. मन लावून, नामस्मरण करत. मोठं पातेलं, वर झाकण, झाकणावर दडपण. आठला टोळी यायची.

“ताई, आज लसूण जरा कमी घाला, बायको जवळ येऊ देत नाही.”

“नाक दाब आणि पी. जिवंत राहिलास तर बायको येईल जवळ.”

“हे प्यायल्यावर किरण काय, पाहुणेसुद्धा चार हात लांब राहतात,” धाकटा म्हणायचा. त्याला लसणाचा मनस्वी तिटकारा. अर्धा पेला प्यायचा आणि उरलेला मोरीत ओतायला बघायचा. ताई दारात आडवी उभी राहायची. “संपव. माझ्यासमोर.”

आता बिल्ल्यांचं सांगतो, नीट ऐका. किरणांच्या कामावर असलेल्या प्रत्येकाला एक बिल्ला मिळतो. छोटा, चपटा, छातीला लावायचा. तीन महिन्यांनी त्याच्या आतली पट्टी प्रयोगशाळेत जाते, नवी येते, आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते तिथून लिहून येतं. आकडा जास्त आला तर त्या माणसाला कामावरून उठवून काही महिने घरी बसवतात. त्यामुळे टोळीला बिल्ल्याचं प्रेम नव्हतं. त्यातून एकदा एकाचा बिल्ला कामात हरवला, तेव्हा मॅनेजरने पाचही जणांना दुपारभर उन्हात उभं करून तो शोधायला लावला होता.

ताईने ते पाहिलं होतं. तिला बिल्ला म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिची समजूत अशी, की हे काहीतरी मोलाचं, सरकारी, जपून ठेवायचं. मळलं तर बोल लागेल, हरवलं तर शिक्षा होईल. तिने एक फळी आणली, तिला सहा खिळे ठोकले आणि फळी चुलीपासून दूर, रसाच्या पातेल्यामागच्या भिंतीवर टांगली. टोळीला म्हणाली, “रस प्यायला याल तेव्हा बिल्ले माझ्याकडे देत जा. घाम नको, धूळ नको. संध्याकाळी जाताना घ्या.” पाच खिळ्यांवर पाच बिल्ले. सहावा एक बिनधन्याचा बिल्ला असायचा, त्याच पाकिटातून येणारा. तो कुणाच्याच छातीवर लावायचा नसतो, तर तुलनेसाठी सुरक्षित जागी ठेवायचा असतो. मॅनेजरच्या कपाटात तो पडून होता. ताईने तोही मागून घेतला. बिचारा एकटा कशाला राहील, म्हणाली.

रोज ती कोरड्या फडक्याने सहाच्या सहा पुसायची. आठ महिने.

हे चुकतंय, असं एकाच्याही तोंडून फुटलं नाही. तरुणांना वाटत होतं, रस आहेच. आणि मिशीकाकाला सगळं माहीत होतं. तो गप्प बसला.

आकडे आले. पाचही जणांना शून्य. पुढच्या तीन महिन्यांनाही शून्य. मॅनेजर नाचायचाच बाकी होता! त्याने तो कागद चौकटीत घालून कॅन्टीनमध्ये लावला, खाली मोठ्या अक्षरांत: आपल्या रसाचं यश. आहारगुरू येऊन चौकटीशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. ताईलाही फोटोत ओढलं. ती पातेलं हातात धरून लाजत उभी राहिली.

अरे देवा. देवाने बीट लाल केलं, लसणात तिखटपणा घातला, माशीकडून मध करवून घेतला, समुद्रात शेवाळ वाढवलं, ते काय एका माणसाचा दुरुस्तीचा कंटाळा झाकायला? हे मला अजून पचत नाही. जिन्नस पवित्र, हात पवित्र, आणि त्यांच्या आडून केलेलं काम काय तर पाच माणसांना आंधळं करून आगीत पाठवणं!

नवव्या महिन्यात एका भर दुपारी ते झालं. टाकीचे चार सांधे राहिले होते. पहिल्याचा फोटो झाला. धाकट्याने हँडल उलटं फिरवलं, पूर्ण फिरलं. दाणा मात्र तारेपासून सुटून नळीच्या टोकातच अडकून राहिला होता. मापक असतं तर कारखाना डोक्यावर घेतला असता त्याने. मापक नव्हतं. धाकटा गेला, नळीचं टोक उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत धरून सोडवलं, पुढच्या सांध्याला नेलं, चिकटपट्टीने बांधलं. असं तीनदा. दर वेळी दीड-दोन मिनिटं. दाणा त्याच्या बोटांपासून एका पातळ पत्र्याएवढा दूर.

फिल्म धुणारा अंधाऱ्या खोलीतून धावत बाहेर आला. “चारही काळ्या! कोळशासारख्या! अरे, दाणा बाहेर आहे!”

मॅनेजरने आधी दार लावून घेतलं. मिशीकाकाने लांब चिमट्याने दाणा कसाबसा शिशाच्या डब्यात घातला. मग मॅनेजर कॅन्टीनमध्ये आला आणि शांतपणे म्हणाला, “ताई, पोरांना आज दोन दोन पेले द्या. आणि उगाच बभ्रा नको.”

ताईने भावाला चार पेले पाजले. त्याने एकही मोरीत ओतला नाही.

अकराव्या दिवशी बोटं लाल झाली. मग सुजली, मग त्यांवर पाण्याचे फोड. कारखान्याचा डॉक्टर म्हणाला, ॲसिड सांडलं असणार. पोलाद धुवायला तिथे ॲसिड वापरतातच. तसं लिहून, मलम देऊन मोकळा झाला. आणि ताई? ताई घरी आली, भावाच्या बोटांना मध लावला, आणि त्याच्यावरच खेकसली.

“मोरीत ओतायचास ना? आता भोग! दुसऱ्या कुणाला झालं का? तुझंच का?”

“ताई, मी नळी हातात धरली होती.”

“मग! पूर्ण पेला प्यायला असतास तर काही झालं नसतं.”

दुखत असताना माणूस वाद घालत नाही. तिचे ते शब्द तिला पुढे किती टोचले, ते तिलाच ठाऊक.

फोड काळे पडायला लागले तेव्हा ती त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथला डॉक्टर पोरसवदा होता, पण डोळे उघडे ठेवून बघणारा. बराच वेळ हात उलटासुलटा केला. म्हणाला, “ॲसिड लगेच भाजतं. हे अकरा दिवसांनी वर आलं. ही किरणांनी भाजल्याची जखम आहे. बिल्ला कुठे आहे तुमचा?”

धाकट्याने स्वतःच्या नावाचा शून्याचा कागद पुढे केला, नुकताच आलेला, अपघाताचा महिना धरून. पाकिटात घडी करून ठेवला होता. बहीण फोटोत होती ना त्या चौकटीशेजारी.

डॉक्टरने तो वाचला आणि खुर्चीत मागे टेकला. “किरणांनी भाजलेल्यांसाठी वेगळी संस्था आहे, मी तिथे पाठवू शकतो. कुठवर मांस मेलं आहे, कुठे कापायचं, हे ते मात्रेवरून, म्हणजे किती किरण लागले त्यावरून, ठरवतात. पण हा कागद घेऊन गेलात तर दारातूनच परत पाठवतील. शून्याला ते काय करणार? आणि आम्ही इथे ॲसिड समजून कापत बसलो, तर जखम भरणार नाही, पुन्हा कापू, पुन्हा कापू. मनगटापर्यंत जाऊ कदाचित. मी तपासणी कार्यालयाला आजच पत्र लिहितो. तुम्ही हा कागद खोटा असेल तर तसं कुणाकडून तरी वदवून घ्या. आठवड्याच्या आत.”

ताई तशीच मिशीकाकाच्या घरी गेली. तो ओसरीवर बसून चप्पल शिवत होता.

“काका, बिल्ला काय करतो?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय करतो? अडवतो? रसासारखा काही काम करतो? की नुसती ओळख आहे?”

मिशीकाकाने सुई खाली ठेवली. “काही करत नाही पोरी. तो फक्त बघतो. माणसाच्या अंगावर जे पडतं ते बघून ठेवतो.”

“आणि माझ्याकडे टांगलेला असला तर?”

“तर त्याने तुझा स्वयंपाक बघितला.”

ती खाली बसली. ओसरीच्या पायरीवर, पदर तोंडाशी धरून. मग म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं.”

“आकडा आला असता तर घरी बसवलं असतं गं सगळ्यांना. मला वाटलं, थोडे दिवस. मापक येईपर्यंत.”

“तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही रोज माझ्या हातात आणून देत होतात. वर म्हणायचात, ताई, जपून ठेवा.”

मिशीकाकाने सुई उचलून पुन्हा चपलेत टोचली.

पत्र पोचलं असावं, कारण दोन दिवसांनी मॅनेजरने ताईला खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“ताई, उद्या तपासनीस येणार. साधी विचारपूस आहे. तुम्ही एवढंच सांगा की सगळ्यांना रोज रस मिळत होता. तुमच्या रसाच्या वहीत सह्या आहेत ना त्यांच्या? छान. आणि तुमचा भाऊ पेला पुरा घेत नव्हता, त्यावरून तुम्हीच त्याला रोज चारचौघांत दटावायचात.”

“आणि बिल्ले, साहेब?”

“बिल्ले छातीवर होते.”

“बिल्ले माझ्या भिंतीवर होते.”

मॅनेजरने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. अगदी मायेने. “फळी कुणी ठोकली? तुम्ही. बिल्ले कुणी मागून घेतले? तुम्ही. मी सांगितलं होतं? उद्या हे बोललात तर पहिली कुणाची मान अडकेल, विचार करा. भावाच्या हाताचं कारखाना बघेल. तुमच्यावर खटला झाला तर भावाकडे कोण बघणार?”

खरंच होतं ते. फळी तिनेच ठोकली होती. म्हणून तर ते बोलणं इतकं जहरी होतं: त्यातला प्रत्येक शब्द खरा, आणि सगळा मिळून एक खोटेपणा. मॅनेजरने ती फळी रोज पाहिली होती, एकदा तर पाठ थोपटून “असंच स्वच्छ ठेवत जा” म्हणाला होता. पण पाठ थोपटल्याची सही थोडीच असते!

घरी धाकटा डाव्या हाताने जेवायचा प्रयत्न करत होता. अर्धं अन्न मांडीवर. तिने घास भरवायला हात पुढे केला.

“नको गं. शिकू दे. पुढे लागेलच.”

ते ‘पुढे लागेलच’ ऐकून ताईच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती मग उतरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी तपासनीस बाई आल्या. साध्या, उंच, पायात बूट, हातात एक जाड फाईल. कॅन्टीनमध्येच टेबल मांडलं. एका बाजूला टोळी, दुसऱ्या बाजूला मॅनेजर, आणि त्याने सोबतीला बोलावलेले आहारगुरू, पुन्हा पांढरेशुभ्र. मॅनेजरने शून्याची चौकट भिंतीवरून काढून टेबलावर ठेवली.

“बघा बाई. सगळ्यांना शून्य. आजवर दर वेळी. आता ॲसिडने बोटं भाजली तर त्याला किरण काय करणार?”

आहारगुरूंनी री ओढली. “आणि समजा किरण लागलेच असतील, तर ज्याने रस नियमित घेतला नाही त्यालाच ते लागले, हीच रसाची साक्ष नाही का?”

बघा कसं आहे! किरण लागले नाहीत तर रसाचं यश, लागले तर माणसाचा दोष. हरायला जागाच ठेवली नाही. देवसुद्धा असला करार भक्ताशी करत नाही.

ताई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. हात ओले होते, तसेच. “बाई, शून्य खोटं आहे. बिल्ले छातीवर नव्हते. माझ्याकडे टांगलेले असायचे. फळी मी ठोकली.”

“भावाच्या मायेपोटी बोलतेय,” मॅनेजर म्हणाला. “समजू शकतो आपण.”

“भावाची माया आहेच. ती काय चोरून ठेवू? पण खोटं नाही बोलत.”

तपासनीस बाईंनी लेखणी उचलली नाही. “ताई, तुमच्या बोलण्याला आधार काय?”

ताई आत गेली आणि फळीच उचलून घेऊन आली. सहाही बिल्ले तिच्यावर लटकत होते; त्या धांदलीत ते काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फळी तिने टेबलावर आदळली. पेले थरथरले.

“वास घ्या.”

“काय?”

“वास घ्या म्हणते ना! एकेक बिल्ला घ्या आणि नाकाला लावा.”

तपासनीस बाईंनी एक बिल्ला उचलला, हुंगला, आणि झटकन दूर धरला. टोळीतला एक जण न राहवून हसला. सरकारी बिल्ल्याला लसणाचा दर्प येत होता, आठ महिन्यांचा मुरलेला. पुसून पुसूनही बिल्ल्याच्या चिमट्याच्या खाचेत बीटाचा लाल डाग बसला होता. बाईंनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे तसेच.

“ही माणसं टाकीत शिरतात,” ताई म्हणाली. “तिथे पोलादाची भुकटी, तेल, काजळी. यांचे कपडे पाच पाण्यात निघत नाहीत. आणि यांच्या छातीवरच्या बिल्ल्यांना तेलाचा एक ठिपका नाही? लसणाचा वास आहे? साहेब, सांगा ना, हे छातीला लसूण चोळून टाकीत जायचे का?”

मॅनेजर बोलायला गेला, पण आता बाईंनी फाईल उघडली होती. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मग दुसऱ्या. त्यांनी सहावा बिल्ला फळीवरून काढला, तो बिनधन्याचा, आणि त्याचा क्रमांक दोनदा वाचला.

“हाही इथेच होता?”

“एकटा कशाला ठेवायचा म्हणून मीच आणला.”

“पाच कामावरचे बिल्ले आणि एक कधीच कामावर न गेलेला,” बाई सावकाश म्हणाल्या. “निसर्गातून थोडे किरण सगळ्यांवर पडतातच; ते वजा करण्याआधीचा सहांचा आकडा एकच. शेवटच्या टिंबापर्यंत. प्रयोगशाळेने याबद्दल दोनदा खुलासा मागवला आहे. पत्रं तुमच्या नावाने आहेत, मॅनेजरसाहेब. उत्तर एकालाही नाही.”

आता कुठे मिशीकाका उठला. “ताई खरं बोलतेय. मला माहीत होतं. मी बिल्ला स्वतःच्या हाताने काढून द्यायचो. आणि मापक बिघडून दहा महिने झाले, ते परत आलंच नाही.”

आहारगुरूंनी घसा खाकरला. “तरी रसाचे फायदे नाकारता येत नाहीत. शेवाळातलं आयोडीन—”

“आयोडीनच्या गोळ्या असतात, आणि त्या एका वेगळ्याच जातीच्या अपघातात, एका ग्रंथीपुरत्या, डॉक्टरने सांगितल्या तर कामाच्या,” बाईंनी मान वर न करता सांगितलं. “तुमच्या पेल्याचा आणि या नळीतल्या दाण्याचा काही संबंध नाही. बसा.”

ते बसले. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनातल्या मनात टाळी वाजवली, देवा, मला माफ कर. की नको करू.

बाईंनी पुढचं काम तिथेच सुरू केलं. चारही काळ्या फिल्म मागवल्या. रिकामी नळी आणवली, धाकट्याच्या डाव्या हातात दिली आणि म्हणाल्या, “त्या दिवशी केलंत तसंच करून दाखवा. घाई नको.” तो नळीचं टोक सोडवायचा, चार पावलं चालायचा, बांधायचा. बाई घड्याळ लावून बसलेल्या. तीन खेपा. ताई भिंतीला टेकून प्रत्येक सेकंद मोजत होती. दीड मिनिट किती लांब असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी बाईंनी शून्यावर रेघ मारली आणि खाली हिशेबाने काढलेली मात्रा लिहिली, सही केली. तो कागद घेऊन बहीण-भाऊ दुसऱ्याच दिवशी त्या संस्थेत पोचले. तिथे त्यांनी हात उपचाराला घेतला. दोन बोटं गेली, मधल्या पेरापासून. अंगठा वाचला, पंजा वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस ॲसिड समजून गेले असते तर पंजाची खात्री नव्हती.

मग सगळं चांगलं झालं म्हणता? नाही झालं. मॅनेजरची बदली झाली, दुसऱ्या कारखान्यात. आहारगुरू अजून व्याख्यानं देतात, चित्रांत बीट आहेच. ताईला काढून टाकलं. कागदावर कारण दिलं, ‘सुरक्षा साधनांची अनधिकृत हाताळणी’. पहा, तो एकच गुन्हा लिहायला शाई सापडली.

आणि त्या पाच माणसांचे आठ महिने? ते आता कुणालाच कळणार नाहीत. धाकट्याची तीन खेपांची मात्रा घड्याळ लावून काढता आली. पण रोजची, थोडी थोडी, हँडल फिरवताना, भिंतीच्या कोपऱ्यावर उभं असताना, कुणाला किती? ती बघायला जो ठेवला होता, तो बघत होता बीट किसताना एका बाईला. दर सहा महिन्यांनी पाचही जण रक्त तपासायला जातात आणि निकाल येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मिशीकाकाने तर मिशी काढली. ताईच्या दारात एकदा येऊन उभा राहिला होता. तिने त्याला पाणी दिलं. आत ये म्हणाली नाही.

माझं मागणं एवढंच. आज घरी जाऊन देवापुढे बसाल तेव्हा ताईला आठवा. ती अजून रोज बसते, पण काही मागत नाही. फक्त म्हणते, “मी स्वच्छ ठेवले होते रे.” तिला बिचारी म्हणू नका, ते तिला खपत नाही. आठ महिने तिने जीव लावून जे केलं, त्याचा ज्यांनी वापर करून घेतला, त्यांच्यावर ती एकटीच रागावत आली आहे आणि आता दमली आहे. तिच्यातला थोडा राग आज रात्रीपुरता तुम्ही आपल्या अंगावर घ्या. आणि देवाला तिचं सांगा.